भांडे सोबत आणावे

एका शनिवारी सकाळी साडेदहा वाजता मी आमच्या कंपनीचे सातही निरोपे एका फटक्यात नाहीसे केले. मला त्यांना फक्त तासाभराची सुट्टी द्यायची होती.

निरोपे म्हणजे माणसं नव्हेत, हे आधी सांगतो, नाहीतर कुणी पोलिसांत जाईल. तुमच्या मोबाइलवर 'सिलिंडर निघाला', 'शाळेची बस उशिरा येईल', 'आज पाणी येणार नाही' असे संदेश टपाटप पडत असतात. ते गॅसवाला किंवा शाळेतल्या बाई पाठवत बसत नाहीत. ते काम आमच्यासारख्या मधल्या कंपनीला देतात. आणि गंमत अशी की आम्हीही ते पाठवत नाही, पुढे आणखी कुणाला तरी देतो. एक कंपनी एसेमेस नेते, दुसरी ईमेल, तिसरी फोन लावून ध्वनिमुद्रित बाईंचा आवाज ऐकवते. या कंपन्यांना धंद्यात प्रोव्हायडर म्हणतात. मी निरोपे म्हणतो. आमच्या टीमची प्रमुख मृणाल, वयाने माझ्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी लहान, मला नेहमी सांगायची, "काका, निदान क्लायंटसमोर तरी प्रोव्हायडर म्हणा. त्यांना वाटतं आपण कबुतरं पाळलीत."

माझं सगळं आयुष्य या निरोपांत गेलं. सुरुवात केली ती पेजरच्या जमान्यात. ज्यांनी पेजर पाहिला नाही त्यांच्यासाठी: कमरेला लावायची एक डबी, तिच्यावर फक्त इंग्रजी अक्षरं उमटायची. निरोप देणारा आम्हाला फोन करायचा, आम्ही टंकायचो, डबी वाजायची. अक्षरं मोजून वापरायची शिस्त होती आणि त्या शिस्तीचा मला फार अभिमान होता. एकदा एका गृहस्थांनी निरोप सांगितला, "बंधूंना कळवा, काका दुपारच्या गाडीने गेले, स्टेशनवर घ्यायला जा." मी म्हटलं, एवढी अक्षरं कशाला? पाठवलं, 'काका गेले.' पुढचं सांगत नाही. एवढंच सांगतो, की काका जेव्हा स्टेशनावरून रिक्षा करून, चिडून, हातात बॅग घेऊन घरी पोचले, तेव्हा दारात चपलांचा ढीग होता आणि आत एक बाई त्यांचे गुण सांगत होत्या. काकांनी म्हणे ते बाहेर उभं राहून पूर्ण ऐकून घेतले.

त्यानंतर पेजर गेले, एसेमेस आले, कंपन्या बदलल्या, आणि शेवटी खराडीतल्या या काचेच्या इमारतीत आलो. इथे निरोप्यांची सगळी व्यवस्था एका स्वयंचलित साधनाकडे होती. हे साधन कसं चालतं ते सांगतो, त्याशिवाय माझा पराक्रम तुम्हाला कळणार नाही.

एक फाइल असते. तिच्यात निरोप्यांची यादी. प्रत्येकाचं नाव, त्याच्याकडून कुठले संदेश न्यायचे ते, आणि शेवटच्या ओळीत त्याची स्थिती: प्रेझेंट किंवा ॲबसेंट. फाइल लिहून बटण दाबलं, की साधन जाऊन बघतं. यादीत प्रेझेंट लिहिलेला निरोप्या प्रत्यक्षात नेमलेला नसेल तर नेमतं. आधीच नेमलेला असेल तर त्याला हातही लावत नाही. दहा वेळा बटण दाबा, दहा वेळा तेच. यादीत जसं लिहिलंय तसं जग करून ठेवायचं, एवढंच त्याला ठाऊक. वाद नाही, "नक्की ना साहेब?" नाही, कपाळाला आठी नाही. इतका आज्ञाधारक सहकारी मला पुण्यात दुसरा भेटला नाही.

आता त्या शनिवारी मला एक चाचणी घ्यायची होती. चाचणीचे संदेश खऱ्या माणसांना जाता कामा नयेत. हा धडा मी आधीच शिकलो होतो, कारण त्याआधी मी एका शाळेच्या सगळ्या पालकांना 'टेस्ट टेस्ट उद्या टेस्ट' असा संदेश पाठवला होता आणि दुसऱ्या दिवशी मुलं खरोखर अभ्यास करून आली होती. मुख्याध्यापकांनी मग घेतलीच टेस्ट. मुलांचे शाप मला अजून लागतात. म्हणून या वेळी मी सावध होतो. म्हटलं, चाचणी होईपर्यंत सगळ्यांना गैरहजर दाखवू. सातही निरोप्यांपुढे ॲबसेंट लिहिलं आणि बटण दाबलं.

माझ्या पिढीच्या डोक्यात ॲबसेंट म्हणजे हजेरीपट. आज ॲबसेंट, उद्या प्रेझेंट, परवा आजारपणाचा अर्ज. माणूस कुठे जात नाही, फक्त आज आलेला नसतो. साधनाला हजेरीपट माहीत नव्हता. त्याच्या भाषेत ॲबसेंट म्हणजे हा या जगात असता कामा नये. त्याने सातही जण त्यांच्या किल्ल्या (म्हणजे परवलीचे शब्द), खाती, संदेशांच्या जोडण्या यांच्यासकट पुसून टाकले आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं: सात बदल, चूक शून्य.

मला वाटलं, वा! किती छान चाललंय.

"काका," मृणाल पलीकडून म्हणाली, "सगळे आकडे एकदम शून्य का झाले?"

"सुट्टीवर पाठवलेत."

ती उठून आली. फाइल पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "काका, परत प्रेझेंट करा."

केलं. सातही आले परत. पण कसे? नव्या भरतीतल्या माणसांसारखे, कोरे. कुणाकडे ओळखपत्र नाही, किल्ली नाही. त्या किल्ल्या नियमाप्रमाणे तिजोरीसारख्या एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवायच्या असतात. मी त्या कधीतरी घाईत थेट पडद्यावर टंकल्या होत्या. म्हणजे आता सातही कंपन्यांना विनंती करून नव्या किल्ल्या मागवायच्या, आणि शनिवारी तिकडे फोन उचलणारं माणूस शोधायचं. संध्याकाळ होणार, हे दोघांनाही कळलं.

"ठीक आहे," मृणाल म्हणाली. "आज तातडीचं काही नाहीये."

हे वाक्य कार्यालयात कधी उच्चारू नये. दहा मिनिटांत फोन आला.

फोन परीक्षा घेणाऱ्या एका संस्थेचा होता. आमचे जुने ग्राहक. त्या दुपारी प्रयोगशाळा तंत्रज्ञांच्या भरतीची परीक्षा होती, केंद्र वाघोलीतलं एक कॉलेज. सकाळी तिथला ट्रान्सफॉर्मर जळाला. संगणकावरची परीक्षा, वीज नाही. संस्थेने धावपळ करून लोणी काळभोरचं एक कॉलेज मिळवलं. फाटक दोनला बंद. शे-दोनशे उमेदवार, सगळे वाघोलीकडे निघायच्या बेतात.

"मेसेज ताबडतोब सोडा," संस्थेचे गृहस्थ म्हणाले. "वाघोलीला नोटीस लावतोय, पण तिथे येऊन वाचली तर बसने लोणीला दोनच्या आत पोचणं शक्य नाही. आणि ही भरती परत नाही. कित्येकांची वयोमर्यादा याच महिन्यात संपतेय."

मृणालने "हो सर, लगेच" म्हटलं आणि फोन ठेवला. अकरा वाजत आले होते. मी घाबरलो होतो, पण खोटं कशाला बोलू, आत कुठेतरी जोरदार उत्साहही होता. इतकी वर्षं सिलिंडर आणि पाणीकपात यांत गेली. आज खरा निरोप होता, आणि न्यायला कुणी नव्हतं!

कुणी नव्हतं म्हणजे, एक होता. लोणी काळभोरच्या बाजूला एक दूध डेअरी आहे, तिचे मालक आबा. त्यांचं खातं एका आठव्या, जुन्या कंपनीकडे होतं. साधन आलं तेव्हा मी त्यांना समजावायला गेलो होतो, की आबा, तुमचंही यात घालू, सगळं आपोआप होईल. आबा म्हणाले होते, "आपोआप नासतं ते दूध. माझं हातानंच ऱ्हाऊ द्या." त्या हट्टापायी त्यांचं खातं यादीबाहेर राहिलं. माझ्या बटणाचा हात तिथवर पोचला नव्हता.

पण अडचण अशी, की आपल्याकडे कुठलाही मजकूर कुठल्याही खात्यातून पाठवता येत नाही. मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो. शब्द ठरलेले, मधल्या रिकाम्या जागा तेवढ्या तुमच्या. आबांच्या खात्यात दोनच मजकूर मंजूर होते. एक दरवाढीचा. दुसरा असा:

'प्रिय ग्राहक, आज आपले ___ हे ___ ऐवजी ___ येथे मिळेल. ___ वाजेपर्यंत यावे. भांडे सोबत आणावे.'

पहिली जागा रिकामी, कारण आबा दूधही विकतात, ताकही, पनीरही.

मी आणि मृणालने एकमेकांकडे पाहिलं.

"नाही काका," ती म्हणाली.

"व्याकरण बसतंय बघ. दूध नपुंसकलिंगी, केंद्रही नपुंसकलिंगी."

"प्रश्न व्याकरणाचा नाहीये! शेवटचं वाक्य वाचा."

"ते काढता येत नाही. मंजूर आहे ते."

तिने मजकूर पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाली, "आबांना विचारा आधी."

मी फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी तुमचं सात मेले?"

"हो, आबा."

"आन् माझा जित्ता हाय?"

"हो."

"मंग मी काय म्हणत हुतो?" असं म्हणून ते इतका वेळ हसले की मी रिसीव्हर कानापासून लांब धरला. हसू संपल्यावर म्हणाले, "पोरांच्या परीक्षेचं हाय ना? सोडा. माझं नाव खराब झालं तर हुदे. पर भांडं घिऊन कुणी आलं तर दूध द्यावं लागंल मला, ते ध्यानात ठिवा."

सव्वाअकराला शे-दोनशे उमेदवारांच्या मोबाइलवर दूध डेअरीच्या नावाने संदेश पडला: 'प्रिय ग्राहक, आज आपले परीक्षा केंद्र हे वाघोली ऐवजी लोणी काळभोर येथे मिळेल. दोन वाजेपर्यंत यावे. भांडे सोबत आणावे.'

हे नियमात बसत नव्हतं. एकाच्या मंजुरीवर दुसऱ्याचा निरोप पाठवायचा नसतो, आणि पुढे त्याची लेखी माफी मागावी लागली. ती मीच लिहिली, बरी जमली होती.

पाच मिनिटांत कार्यालयातले सगळे फोन वाजायला लागले. संदेशावर विश्वास कुणाचाच बसला नव्हता, पण इतका विचित्र संदेश पाहून खात्री करून घेतल्याशिवाय कुणी राहिलंही नाही. संस्थेच्या संकेतस्थळावर केंद्रबदल आणि चौकशीसाठी आमचा नंबर एव्हाना झळकला होता, ते पाहून लोक आणखी गोंधळून आम्हाला विचारत होते. पूर्ण मजला फोन उचलत होता. एक वडील मला म्हणाले, "अहो, केंद्राचं कळलं. भांडं किती लिटरचं?" एका मुलीने फार समंजसपणे विचारलं, "सर, लॅबची परीक्षा आहे, तर नमुना घरूनच आणायचा आहे का?" मी घाईघाईने म्हटलं, "नाही, नाही, काहीही आणू नका!" तर म्हणाली, "ओळखपत्रपण नको?"

पण चाललं होतं! माणसं लोणीकडे वळत होती. प्रत्येक फोनमागे मृणाल यादीतल्या एका नावावर खूण करत होती आणि मी प्रत्येक खुणेला टेबलावर थाप मारत होतो. बाराच्या सुमाराला ती म्हणाली, "अकरा जण राहिलेत. यांनी जाहिराती नकोत म्हणून नोंद केलेली दिसतेय, त्यामुळे डेअरीचा मेसेज यांना गेलाच नाही. काका, आता या अकरा जणांना आपण—"

पुढचं मी ऐकलं नाही. अकरा नावांचा कागद तिच्या हातातून घेतला, जिना उतरलो आणि स्कूटर काढली. पेजरपासून इतकी वर्षं निरोप तारेतून, हवेतून, यंत्रातून पाठवले. आज स्वतः नेणार होतो. नगर रस्त्याच्या त्या गर्दीत मी असा निघालो की सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने विचारलं, "काका, दवाखाना का?"

वाघोलीच्या कॉलेजच्या फाटकावर नोटीस होती, माणूस नव्हतं. मी फाटकासमोर उभा राहून, कागद समोर धरून, अकराही नावं मोठ्याने पुकारली. दोन कुत्री आली. पुन्हा पुकारली. रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीत एक बाई वहीत डोकं घालून बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. "सुवर्णा म्हणालात का? मी. काय आहे?"

पस्तिशीच्या पुढच्या. दुपारच्या पेपरला सकाळी अकरालाच येऊन बसलेल्या. फाटकाकडे पाठ.

मी धावत पलीकडे गेलो. धाप लागलेली. म्हटलं, "लोणी! लोणीला चला! दोनला बंद!"

"कसलं लोणी?"

"काळभोर! केंद्र तिकडे गेलं! गाडीवर बसा, मी नेतो!"

त्यांनी वही छातीशी धरली आणि टपरीवाल्याकडे पाहिलं. टपरीवाला हातातली पक्कड घेऊन पुढे आला. मला वाटलं, पुरावा दाखवावा. खिशातून मोबाइल काढून तो संदेश त्यांच्यासमोर धरला. त्यांनी वाचला. पुन्हा वाचला.

"काका, तुम्ही मला डेअरीचा मेसेज दाखवून लोणीला नेताय?"

"अहो, ते भांड्याचं सोडून द्या!"

"सोडून काय द्या? कोण आहात कोण तुम्ही?"

फाटकावरच्या नोटिशीकडे बोट दाखवावं, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. मी निरोप्यांविषयी, ॲबसेंटविषयी, आबांविषयी सांगायला लागलो. जितकं सांगत गेलो तितका टपरीवाला जवळ येत गेला. तेवढ्यात सुवर्णाताईंचा फोन वाजला. त्यांनी तो कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. "सकाळपासून कोण जाहिरातवाले छळतायत," असं म्हणत तिसऱ्यांदा वैतागून उचलला.

पलीकडे मृणाल होती. दोन वाक्यांत तिने सगळं सांगितलं. मी कागद घेऊन पळाल्यावर तिने दुसरी प्रत काढली होती आणि बाकी दहा जणांना घरबसल्या फोन करून लोणीच्या वाटेला लावलंही होतं. सुवर्णाताईंचा चेहरा उतरला. फोन ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात माझं वय बसत नाही हो. तीन वेळा एक-दोन मार्कांनी गेलंय. हा शेवटचा." मग स्वतःच माझ्या आधी स्कूटरवर जाऊन बसल्या. "चला ना! बघताय काय?"

एक वाजून दहा मिनिटं झाली होती. केसनंदवरून थेऊर, तिथून लोणी. रस्ता मला पाठ होता, निदान तसं मी त्यांना सांगितलं. त्या मागून वहीतलं पुटपुटत होत्या, रक्तगट, रसायनांची नावं, काचेच्या नळ्या, आणि मी प्रत्येक खड्ड्याला "सॉरी" म्हणत होतो. केसनंदला मी आत्मविश्वासाने डावीकडे वळलो. बराच वेळ ऊसच लागला. एका गोठ्यापाशी रस्ता संपला. गोठ्यातल्या बाईंनी न विचारताच सांगितलं, "माघारी फिरा." सुवर्णाताईंनी पुटपुटणं थांबवलं. पुढच्या सगळ्या वाटेत त्या माझ्या खांद्यावरून मनगटावरचं घड्याळ पुढे धरत राहिल्या. सात कंपन्या पुसल्या तेव्हा मला एवढी भीती वाटली नव्हती.

दोनला चार मिनिटं कमी असताना आम्ही लोणीच्या कॉलेजच्या फाटकात शिरलो. रखवालदार एका हाताने दार ओढत होता. दुसऱ्या हाताने एका आजोबांना आवरत होता. आजोबांच्या हातात झाकणाची स्टीलची किटली होती आणि ते म्हणत होते, "मेसेजात लिहिलंय, नातीचं भांडं आत द्या." सुवर्णाताई त्या दोघांच्या मधून वाकून, ओळखपत्र उंच धरून, आत पळाल्या. दार लागलं.

मी तिथेच कट्ट्यावर बसलो. जावंसं वाटेना. आबा आले, आजोबांची किटली भरून दिली, मला एक ग्लास ताक दिलं आणि समोर बसून पुन्हा एकदा पोटभर हसून घेतलं. मृणालचा फोन आला, यादीतले सगळे आत आहेत, एकही राहिला नाही. मी मोठ्याने "एकही नाही!" असं ओरडलो. रखवालदाराने ओठांवर बोट ठेवलं.

साडेचारला सुवर्णाताई बाहेर आल्या. मी उठून उभा राहिलो.

"कसा गेला?"

"सोपा होता." पहिल्यांदाच हसल्या. "सगळा सुटला. या खेपेला होईल."

मला गहिवरून आलं. म्हटलं, "ताई, तीस वर्षांत लाखो निरोप पाठवले असतील मी. पण स्वतः नेऊन, वेळेत पोचवलेला हा पहिला."

त्यांनी वही पिशवीत घातली, चप्पल नीट केली, आणि म्हणाल्या, "निरोप तुमच्या मॅडमनी पोचवला, काका. तुम्ही नुसती गाडी चालवलीत. ती पण केसनंदला भलतीकडे वळवलीत."